पुनर्वसनाची चिठ्ठी : पार्किन्सन्सच्या रुग्णांची उपचारशिफारस आणि मराठी परिभाषा

प्रास्ताविक

पार्किन्सन्स या आजाराविषयी मराठीत आज पुष्कळ लेखन उपलब्ध आहे. दरवर्षी ११ एप्रिलला, म्हणजे जेम्स पार्किन्सन यांच्या जन्मदिनी, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून लेख येतात. रुग्णांची आत्मकथने आहेत, त्यांची काळजी घेणाऱ्यांची मनोगते आहेत, डॉक्टरांनी लिहिलेल्या माहितीपुस्तिका आहेत. या लेखनाचा भर प्रामुख्याने औषधे, आहार आणि मनोबल यांवर असतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. निदान झालेल्या व्यक्तीला भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचोपचार यांच्याकडे पाठवण्याची जी क्रिया, जिला दवाखान्याच्या बोलीत ‘रेफर करणे’ म्हणतात, तिची येथे समीक्षा करावयाची आहे. ही क्रिया आपल्याकडे उशिरा घडते आणि घडते तेव्हाही अर्धवट घडते, हे रुग्णकुटुंबांशी बोलताना वारंवार जाणवते. वेळेचा अभाव, तज्ज्ञांची टंचाई, खर्च ही त्याची कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु आणखी एक कारण भाषेचे आहे, आणि त्याकडे मात्र वैद्यकाने पाहिले नाही, भाषेच्या अभ्यासकांनीही पाहिले नाही. या उपचारांना आपण दिलेली नावेच त्यांना आजाराच्या शेवटाकडे ढकलतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नावांचा प्रश्न

आरंभ आजाराच्या नावापासूनच करावा लागेल. ‘कंपवात’ हा शब्द आपल्याकडे जुना आणि रुळलेला आहे. पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या इंग्रजी शीर्षकातही थरथरच होती. त्यांनी वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते, आणि रस्त्यात पाहणाऱ्याला थरथरच आधी दिसणार. निदानाचा आजचा निकष मात्र वेगळा आहे. हालचालींतील मंदता हे त्यातील अनिवार्य लक्षण होय. तिच्या जोडीला कंप किंवा ताठरता असावी लागते. कंप नसतानाही पार्किन्सन्स असू शकतो. शिवाय कंप हे व्यायामोपचारांना फारसे दाद न देणारे लक्षण, तर चाल, तोल, वळणे, उठणे-बसणे यांतील मंदता व अडखळ हा भौतिकोपचाराचा खरा प्रांत. ‘कंपवात’ म्हणणारे कुटुंब हातांच्या थरथरीकडे पाहत राहते. वडील खुर्चीतून उठायला दोनदा प्रयत्न करू लागले आहेत, ही गोष्ट मग वयाच्या खात्यात जमा होते.

‘भौतिकोपचार’ हा शब्द परिभाषाकारांच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण लोकव्यवहारात त्याचा अर्थ ठरला तो यंत्रांनी. आपल्याकडे माणसे ‘शेक घ्यायला’ जातात, ‘लाइट घ्यायला’ जातात, मानेला किंवा कमरेला ‘वजन लावून’ घेतात. गुडघा, कंबर आणि खांदा एवढ्या तीन अवयवांचा हा उपचार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्याला कुठेच दुखत नाही त्याने फिजिओकडे का जावे, हा प्रश्न मग रास्तच ठरतो. पार्किन्सन्समध्ये या उपचाराचे स्वरूप निराळे असते. मेंदूतील आपोआप चालणारी हालचालींची व्यवस्था मंदावल्यामुळे तीच हालचाल जाणीवपूर्वक, बाहेरील खुणांच्या आधारे करायला शिकवणे हा त्याचा गाभा होय. पाऊल जागीच खिळले की फरशीवरची रेघ ओलांडण्याचे लक्ष्य समोर ठेवावे, मोजून ताल धरावा, वळताना एका जागी गिरकी न घेता मोठा अर्धगोल घ्यावा, ही खरे तर विद्या आहे. शेकाशी तिचा काडीचा संबंध नाही.

‘व्यवसायोपचार’ या शब्दाने तर पुरताच घोटाळा केला आहे. मूळ संज्ञेतील ‘ऑक्युपेशन’ म्हणजे दिवसभरात माणूस ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सारी कामे : शर्टाची बटणे लावणे, आमटीची वाटी न सांडता उचलणे, सही करणे, अंथरुणात कूस बदलणे. मराठीत ‘व्यवसाय’ म्हटले की धंदा किंवा पेशा आठवतो. बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षे झालेल्या गृहस्थांना कोणी व्यवसायोपचाराला जा म्हणाले, तर ‘आता कसला व्यवसाय?’ हे उत्तर ठरलेले. घरकामात आयुष्य गेलेल्या स्त्रीला तर हा उपचार आपल्यासाठी असेल असे स्वप्नातही वाटणार नाही. वास्तविक ज्यांच्या दिवसाचे सर्वाधिक तास हातांच्या बारीक कामांत जातात, त्यांत तिचा क्रमांक वरचा आहे. या विपर्यासाला एक उपरोधाची किनारही आहे. भारतात या शाखेचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. मूळच्या अमेरिकन, विवाहाने निंबकर झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिच्या शिक्षणाची सुरुवात केली. राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्या परिषदेसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. एवढी परंपरा असूनही शब्द अंगणातून घरात काही आला नाही.

‘वाचोपचार’ त्या मानाने सुबोध. पण तोही अर्धेच सांगतो. पार्किन्सन्समध्ये आवाज खाली जातो, आणि तो खाली गेल्याचे बोलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत, घरच्यांनाच कमी ऐकू येते, असे त्याला वाटते. घरचे म्हणतात, ‘हल्ली ते फारसे बोलतच नाहीत.’ दोघांचीही तक्रार खरी असते. याच तज्ज्ञाच्या अखत्यारीत गिळण्याचा प्रश्नही येतो, हे त्या नावातून मुळीच सूचित होत नाही. अन्नाचा वा पाण्याचा अंश श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. चहा पिताना रोज ठसका लागणे हे वाचोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचे कारण आहे, हे किती कुटुंबांना ठाऊक असेल?

आणि या सर्वांना कवेत घेणारा शब्द ‘पुनर्वसन’. मराठी माणसाच्या मनात हा शब्द वैद्यकातून आलेला नाही. तो कोयनेतून आला, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून आला, धरणग्रस्तांच्या मोर्च्यांतून आणि भूकंपानंतरच्या किल्लारीतून आला. जे होते ते वाहून गेल्यानंतर, बुडाल्यानंतर, कोसळल्यानंतर जे करावयाचे ते पुनर्वसन, असा त्याचा आपल्या अनुभवाने पक्का केलेला अर्थ आहे. पक्षाघातानंतरच्या उपचारांना तो चपखल बसतो. तेथे खरोखरच एक आपत्ती एका क्षणी येऊन गेलेली असते. पार्किन्सन्समध्ये असा क्षण नाही. येथे पाणी इंचाइंचाने चढते. त्यामुळे पुनर्वसनाची वेळ आली हे ठरवायचे कोणी आणि कधी? व्यवहारात उत्तर असे मिळते की, पहिल्यांदा पडून हाड मोडल्यावर. म्हणजे शब्दाने मागितलेली आपत्ती घडल्यावरच शब्द वापरात येतो.

कर्वेनगरातून हे लिहिताना एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला आणि १९०० मध्ये या हिंगण्यात आणलेला आश्रम हाही पुनर्वसनच होता. पण त्यात निवाऱ्याइतकेच शिकवण्याला महत्त्व होते. पुढचे आयुष्य स्वतःच्या पायांवर चालवता यावे यासाठी शिक्षण, आणि तेही शक्य तितक्या लहान वयात. वैद्यकातील पुनर्वसनाला हा जुना हिंगणे-अर्थ पानशेत-अर्थापेक्षा अधिक जवळचा आहे.

चिठ्ठी : एक संहिता

‘रेफर करणे’ यालाही मराठीत घर नाही. शासकीय भाषेत ‘संदर्भ सेवा’ असते. नाशिकला त्या नावाचे विभागीय रुग्णालय आहे. प्राध्यापकवर्गाला संदर्भ म्हटला की तळटीप आठवते, आणि गमतीने म्हणावयाचे तर आपल्याकडील शिफारशीची अवस्था तळटीपेसारखीच आहे : पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरांत, न वाचली तरी चालेल अशी. लोक साधे ‘चिठ्ठी दिली’ म्हणतात. तोच शब्द येथे सोयीचा आहे.

मेंदूविकारतज्ज्ञाची चिठ्ठी ही एक संहिता म्हणून वाचून पाहावी. तीत गोळीचे नाव, मात्रा, वेळा आणि दिवस असतात. पुढील भेटीची तारीख असते. व्यायामाविषयीचा मजकूर मात्र बहुधा तोंडीच असतो : ‘रोज फिरत जा, व्यायाम करा, हालचाल चालू ठेवा.’ हा सल्ला चुकीचा नाही. परंतु सल्ला आणि शिफारस यांत मोठे अंतर आहे. सल्ल्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर पडते. शिफारशीत देणारा, घेणारा आणि रुग्ण असे तिघे बांधले जातात. काय मोजायचे, किती दिवसांनी कळवायचे, हे ठरते. लिव्होडोपाच्या बाबतीत ‘रोज थोडी घेत जा’ असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र एवढ्यावरच भागते.

याचे गांभीर्य औषधाच्या मर्यादेतून कळते. १९६० च्या दशकात लिव्होडोपा उपचारात आले आणि या आजाराचे चित्र पालटले, हे निर्विवाद आहे. परंतु तोल जाणे, पाय खिळणे, बोलणे आणि गिळणे ही लक्षणे, विशेषतः आजार पुढे गेल्यावर, औषधाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे चिठ्ठीत जे लिहिलेले असते त्याचा हात जेथे पोहोचत नाही, नेमके तेच चिठ्ठीत लिहायचे राहून जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या शासकीय आरोग्यविम्याच्या २००७ मधील नोंदींवर आधारित अभ्यासात पार्किन्सन्स असलेल्यांपैकी साधारण सातांतील एकानेच त्या वर्षी भौतिकोपचार वा व्यवसायोपचार घेतल्याचे आढळले होते. तेथे तर पैसे विमा देत होता. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने हे उपचार उपलब्ध असावेत असे म्हटले. २०१७ च्या मार्गदर्शिकेत क्रियापदे बदलली. तोल वा हालचालींच्या अडचणी असणाऱ्यांना पार्किन्सन्ससाठीचा खास भौतिकोपचार ‘द्यावा’. पण आजाराच्या आरंभी अनुभवी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा ‘विचार करावा’. त्या संस्थेच्या परिभाषेत या दोन क्रियापदांत पुराव्याच्या बळाचा फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदवला आहे. तरीही परिणाम असा की, जेथे शिकवणे सर्वांत सोपे, तेथेच आज्ञार्थ मवाळ होतो.

प्रतिपक्ष

शिफारस न करणाऱ्या डॉक्टरकडे युक्तिवाद नसतो असे नाही. तो मांडल्याशिवाय ही समीक्षा एकतर्फी होईल. २०१६ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम पार्किन्सन्स असलेल्या ७६२ व्यक्तींपैकी निम्म्यांना भौतिकोपचार व व्यवसायोपचार देण्यात आला, निम्म्यांना नाही. तीन महिन्यांनी दैनंदिन व्यवहारांतील क्षमतेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ‘मग पाठवायचे कशाला?’ हा प्रश्न त्यानंतर परिषदांतून उघडपणे विचारला जाऊ लागला.

या चाचणीचा तपशील मात्र शीर्षकापेक्षा बोलका आहे. आठ आठवड्यांत मिळून साधारण चार भेटी, एवढाच तो उपचार होता. चार तासांत कोणी सायकल शिकत नाही. मंदावलेल्या मेंदूला चालण्याची नवी रीत तेवढ्यात यावी ही अपेक्षाच अवास्तव. खुद्द संशोधकांनीही अधिक सघन व रेखीव उपचारांची तपासणी व्हावी असे सुचवले. ती वाचोपचाराच्या बाबतीत झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८८ व्यक्तींच्या ब्रिटिश चाचणीत तीन गट होते : आठवड्याला चार याप्रमाणे चार आठवडे ‘मोठ्याने बोलण्याचा’ सराव करून घेणारी ली सिल्व्हरमन पद्धत, तेथील शासकीय सेवेतील नेहमीचा वाचोपचार, आणि तूर्त कोणताही वाचोपचार नाही. पहिल्या गटाला आवाजाच्या त्रासात स्पष्ट लाभ झाला. नेहमीचा उपचार आणि कोणताही उपचार नसणे यांत मात्र फरक दिसला नाही.

या दोन चाचण्या एकत्र वाचल्या तर निष्कर्ष अस्वस्थ करणारा निघतो, आणि तो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. केवळ ‘पाठवले’ याला अर्थ नाही. कोणाकडे, कशासाठी आणि किती, हे लिहिलेले नसेल तर ती चिठ्ठी औषधाचे नाव लिहून मात्रा कोरी सोडल्यासारखी आहे. नेदरलँड्समध्ये बास्तियान ब्लूम आणि मार्टेन मुनेके यांनी २००४ मध्ये उभ्या केलेल्या पार्किन्सननेट या जाळ्याची कल्पना नेमकी येथून निघते. प्रत्येक भागात मोजक्या तज्ज्ञांना या आजाराचे खास प्रशिक्षण द्यायचे आणि रुग्ण त्यांच्याकडेच पाठवायचे, म्हणजे त्यांचा हात बसतो. २०१८ मध्ये तेथील विमादाव्यांच्या सुमारे ४४०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. विशेष प्रशिक्षित तज्ज्ञांकडे गेलेल्यांत आजारजन्य गुंतागुंत सुमारे १७ टक्के, तर इतरांकडे गेलेल्यांत २१ टक्के आढळली, आणि खर्चही कमी झाला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, प्रयोग नव्हे, हे लक्षात ठेवूनही तो दुर्लक्षणीय ठरत नाही.

पुण्यातील पर्याय

पुण्यात असे जाळे नाही. पण त्याची जागा काही अंशी एका स्वमदत गटाने भरून काढली आहे. मधुसूदन शेंडे व शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पुढाकारातून उभे राहिलेले पार्किन्सन्स मित्रमंडळ दोन दशकांहून अधिक काळ कार्यरत आहे. शोभना तीर्थळी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी केलेले लेखन हा या विषयावरील मराठीतील मोलाचा ऐवज आहे. मुंबईत डॉ. भीम सिंघल आणि डॉ. मारिया बरेटो यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली संस्था याच दिशेने काम करते. मित्रमंडळाच्या व्यवहारात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. स्वमदत गटांनी रूढ केलेली ही शब्दांची जोडी सुंदर आहे. ‘रुग्ण’ या शब्दातील निष्क्रियता तिने घालवली. मात्र समीक्षकाला येथे एक उणीव दिसते. या परिभाषेत दोनच पात्रे आहेत. आठवड्यातून दोनदा येऊन वळायला, उठायला, मोठ्याने बोलायला शिकवणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीला तीत नाव नाही. ज्याला नाव नाही त्याची मागणीही कोणी करत नाही.

शेखर बर्वे यांच्या पुस्तकाचे ‘पार्किन्सन्सशी मैत्रीपूर्ण लढत’ हे शीर्षक या संदर्भात लक्षणीय आहे. हा वाक्प्रचार मूळचा आपल्या निवडणुकांतला. युती तुटलेली नसते, पण एका जागेवर दोघेही उभे असतात. हरवताही येत नाही आणि सोडताही येत नाही अशा आजाराचे इतके नेमके वर्णन क्वचितच कोणी केले असेल. पण पुरवण्यांतील लेखांत ‘मैत्रीपूर्ण’ गळून पडते आणि ‘लढत’ तेवढी उरते. मग जिद्दीची कथा तयार होते, ‘पार्किन्सन्सवर मात’ असे मथळे येतात, आणि ज्याला मात करता आली नाही त्याची जिद्द कमी पडली असा न लिहिलेला अर्थ मागे राहतो. जिद्द ही व्यक्तीची असते, शिफारस व्यवस्थेची. पहिलीचे कौतुक जितके वाढते, तितका दुसरीचा जाब विचारणे मागे पडते. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या व्यक्तींसाठी चालवलेल्या नृत्यवर्गांचेही असेच झाले. ब्रुकलिनमधील मार्क मॉरिस यांच्या संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाशी नाते सांगणारा हा प्रयोग खरोखर महत्त्वाचा आहे, कारण ताल ही पार्किन्सन्समधील चालीला मिळणारी उत्तम बाह्य खूण होय, आणि ठेक्यावर वाढलेल्या आपल्या माणसांना ती परकी नाही. त्याची छायाचित्रे छापून आली. गिळण्याच्या तपासणीचे छायाचित्र कोण छापणार?

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. मित्रमंडळापर्यंत पोहोचतो तो वाचणारा, फोन करणारा, मुले परगावी असली तरी रिक्षाने सभेला जाऊ शकणारा वर्ग. कर्वेनगरच्या सोसायट्यांत तो आहे. त्याच सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या घरी हा आजार आला तर तेथे चिठ्ठीशिवाय दुसरे काहीच पोहोचणार नाही. आणि चिठ्ठीत तर ती ओळच नाही. मध्यमवर्गाला मंडळाने तारले म्हणून व्यवस्थेतील भोक दिसेनासे झाले, असेही म्हणता येईल.

चिठ्ठीतील ओळ

अशी ओळ लिहिणे अवघड नाही. पाठवणाऱ्याने गोळ्यांच्या वेळा कळवाव्यात, कारण गोळीचा अंमल असताना आणि तो ओसरला असताना माणसाची हालचाल इतकी वेगळी असते की सराव कधी घ्यायचा हे त्यावर ठरते. मागील सहा महिन्यांत किती वेळा पडले, उठल्यावर रक्तदाब उतरतो का, ठसका लागतो का, हे लिहावे. काय साधायचे ते साध्या मराठीत लिहावे : ‘न्हाणीघराच्या दारात पाय खिळतात, ते सुटावेत.’ घराचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. पाय खिळतात ते अरुंद जागी, दारात, वळणावर आणि एकाच वेळी दोन कामे करताना. आपल्या जुन्या सदनिकांतील बोळासारखे पॅसेज, त्यात ठेवलेले चपलांचे कपाट, न्हाणीघराचा उंचवटा, लिफ्ट नसलेले जिने हे सगळे या आजाराचे भागीदार आहेत, आणि फरशीच्या चौकटी त्याच घरातील फुकटची औषधे. दवाखान्यात बसून ते दिसत नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञाची घरभेट म्हणूनच हवी.

कायद्याची बाजू तुलनेने बरी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सन्सचा नामनिर्देश आहे, आणि त्याच कायद्याने शासन व स्थानिक संस्था यांच्यावर, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत का होईना, पुनर्वसनसेवांची जबाबदारी टाकली आहे. पैशांचा मार्ग मात्र उलट दिशेने वाहतो. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. ती रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते; बाह्यरुग्ण उपचार तीत नाहीत. तेव्हा कर्वेनगरातील बहात्तर वर्षांच्या, पार्किन्सन्स असलेल्या आजी न्हाणीघराच्या उंचवट्याला अडखळून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून मिळू शकेल. तो उंचवटा कसा ओलांडावा हे शिकवणाऱ्याची फी त्याआधी घरातूनच द्यावी लागेल.